प्रार्थनेचा विषय

९ जून, सोमवार

प्रिय काका,

सप्रेम सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही सगळे सुखरूप आहोत, तूही असशील. बाबांचा खोकला कमी आहे. आईचे गुडघे जिना चढताना कुरकुर करतात, पण ती म्हणते, प्रार्थनेला टेकायला चालतात तेवढं पुरे. मांजरीला पिल्लं झाली आणि त्यांनी तुझ्या पलंगावर सरळ हक्क सांगितला आहे.

इथवर रीतीचं झालं. आता खरं लिहिते. सुखरूप म्हणजे कुणी आजारी नाही, एवढंच.

तू फोन उचलत नाहीस. परवा तुझ्या नव्या मालकाने उचलला आणि म्हणाला, "तो कामात आहे. तो कायमच कामात असतो." म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं म्हणशील. फाड, पण वाचून फाड.

माझा निकाल लागला. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. आईने ही बातमी अशा माणसांनाही सांगितली ज्यांना पदवी म्हणजे काय हे मलाच समजावून सांगावं लागलं. बाबांनी प्रमाणपत्र दुकानातल्या मोठ्या टेबलावर ठेवलं, माप घेतलं, सुतारकाकांकडून चौकट करून आणली. काच मात्र कापली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते त्याचं काम आहे." ऐकलंस? "होतं" नाही म्हणाले.

दुकानात नवा गडी ठेवला आहे. माणूस वाईट नाही, पण मोठी काच उचलताना बाबा त्याला ओरडून सांगतात, "डावीकडे! हळू! थांब!" तुम्ही दोघं माणसाएवढा आरसा घेऊन रस्त्यातून जायचात तेव्हा एक शब्द बोलत नव्हतात. मला लहानपणी वाटायचं, काच न बोलताच न्यायची असते, बोललं तर तडा जातो.

त्या दिवशीचं भांडण मी वरच्या खोलीतून ऐकलं. तू म्हणत होतास, "माझ्याबद्दल लोकांना काय सांगत फिरतोस, दादा?" बाबा म्हणत होते, "मी सांगत फिरतो? मला दुकान एकट्याला गिळायचंय, हे कोण सांगत फिरतंय?" "मी असं कधी म्हटलं?" "मग मी तरी कधी म्हटलं?" दोघंही एकच विचारत होतात आणि दोघंही एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार नव्हतात. मग तुझी पिशवी जिन्यावरून खाली गेली.

तू पितोस म्हणे! प्रभुभोजनाचा द्राक्षरसही तू ओठाला लावल्यासारखा करून पुढे देतोस. ज्याने हे उठवलं त्याने निदान पटेल असं तरी काही उठवायचं.

मी पाळकसाहेबांकडे गेले होते. ते उपासनेनंतर खुर्च्या एकावर एक रचत होते. म्हटलं, "येत्या रविवारी चहाडीवर उपदेश करा. नाव घेऊन करा."

"कुणाचं नाव?"

"ते मी शोधून आणते."

ते रचतच राहिले. मग म्हणाले, "पोरी, आग विझवायला पाणी आणा, असं शास्त्रात कुठे सापडतं का बघ. लाकूड संपलं की आग विझते, तसं कान भरणारा थांबला की भांडण थांबतं, एवढंच आहे तिथे. तू पाणी घेऊन निघालीस की लाकूड घेऊन, ते एकदा बघून घे."

मला हे उत्तर अगदी मिळमिळीत वाटलं. घरी येऊन मी त्याच पानांच्या आसपास वाचत बसले, आणि मला हवं होतं ते मिळालं. देवाला ज्यांचा वीट येतो त्यांची यादी आहे तिथे, सातांची. चढेल डोळे आहेत, लबाड जीभ आहे, निर्दोषाचं रक्त सांडणारे हात आहेत. आणि सगळ्यांत शेवटी, सातवा, भावाभावांत वैर पेरणारा. खुनी हातांच्या पंगतीला बसवलंय त्याला, काका! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हणजे देव आपल्या बाजूने रागावलेला आहे.

तर मी त्या सातव्या माणसाला शोधून काढणार आहे. आमचे इतिहासाचे सर म्हणायचे, ऐकीव गोष्ट हाती आली की तिला आधी विचारा, बाई, तू आलीस कुठून? मी तेच करणार. एकेका दारात जाऊन विचारणार आणि शेवटच्या दारापर्यंत पोचणार. मग तुला आणि बाबांना समोरासमोर बसवून ते नाव सांगणार. तू तोवर फक्त एवढं कर, तिथे घर बघू नकोस. भाड्याची खोली आहे ती भाड्याचीच राहू दे.

आईने तुझे शर्ट इस्त्री करून ठेवलेत. ती तुझं नाव फारसं काढत नाही, पण जेवताना दाराकडे बघते.

तुझी लाडकी आणि सध्या फार संतापलेली,
पुतणी


३ जुलै, गुरुवार

प्रिय काका,

सप्रेम सलाम. बाबांचा खोकला थांबला. पिल्लांचे डोळे उघडले आणि त्यांतल्या एकाचे निळे आहेत, पण आई म्हणते राहायचे नाहीत. नव्या गड्याने शाळेच्या खिडक्यांची तावदानं बसवली, एकच फुटलं. बाबा त्याला रागावले नाहीत, हेच मला बरं वाटलं नाही. ते हल्ली रागावतच नाहीत. सुतारकाकांनी दुकानाला नवा रंग दिलाय. पिवळा. डोळ्यांना त्रास होतो.

मी टाळते आहे हे तुला कळलं असेल. तू मला लहानपणी "बॅरिस्टर" म्हणायचास, आणि बॅरिस्टर लांबण लावायला लागला की समजायचं, खटला हरलाय.

मी शेवटच्या दारापर्यंत पोचले, काका. सगळं क्रमाने सांगते.

आधी सुतारकाका. ते रंधा मारत होते, थांबले नाहीत. "मी तर चांगल्यासाठीच बोललो. तुझ्या काकाला म्हटलं, बाबा रे, सावध राहा, दादा तुला काढायच्या विचारात आहे. मला दोघं भाऊ सारखेच."

"आणि बाबांना काय म्हणालात?"

"म्हटलं, धाकट्याला सांभाळा, तो पितो म्हणतात. आणि त्याला वाटतंय, तुम्हाला दुकान एकट्याला हवंय."

"त्याला असं वाटतंय, हे त्याने सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं कशाला पाहिजे? त्याच्या जागी कुणालाही वाटेलच की!"

काढायचं कुणाकडून कळलं, तर त्यांच्या बायकोकडून. म्हणजे आपल्या उपासनेत ऑर्गन वाजवणाऱ्या बाई. त्या एकदम उसळल्या. "काढणार असं मी म्हटलंच नाही! ह्यांना अर्धं ऐकायची सवय आहे. मी म्हटलं, काढायला हवं. तेही थोडे दिवस, त्याच्या भल्यासाठी. पिणाऱ्या माणसाच्या हातात काच! एखाद्या दिवशी स्वतःचीच नस कापून घेईल." असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. खरेखुरे, काका. मी भांडायला गेले होते आणि त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

पितो हे त्यांना कुणी सांगितलं, तर नर्समावशीने. मी दवाखान्यातून ती घरी येईपर्यंत तिच्या पायरीवर बसून राहिले. ती ऐकून चाटच पडली. "पितो? मी असं कसं म्हणेन? मी म्हटलं, सकाळी हात थरथर कापायला पुष्कळ कारणं असतात. त्यांतलं एक तेही असतं. देव करो आणि ते नसो, असंही म्हटलं मी!"

"कुणाचा हात?" मी विचारलं.

तिने खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "तुला माहीत नाही?"

मला असं कळलं, काका, तुझ्या हाताचं. तू मला सांगितलं नव्हतंस, म्हणजे मला कळू नये अशी तुझी इच्छा होती, आणि मी शोध घेत घेत नेमकी तिथेच जाऊन पोचले. पहिली क्षमा मला त्याची मागायची आहे.

मी विचारलं, "मावशी, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी नाही गं. प्रार्थनेला आलं होतं."

तू कधी बायकांच्या प्रार्थनेला बसला नाहीस, म्हणून सांगते. गुरुवारी दुपारी सगळ्या जमतात, गुडघे टेकतात, डोळे मिटतात, आणि एकेक जण विषय मांडते. माझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी प्रार्थना करा. अमकीच्या मुलासाठी करा, तो वाईट संगतीत आहे. तमकीच्या संसारासाठी करा, काही ठीक दिसत नाही. मी लहान असल्यापासून त्यांच्यात बसते आणि मला हे कधी खटकलं नव्हतं. बाहेर जे कानाशी लागून सांगावं लागतं ते तिथे मोठ्याने सांगता येतं, आणि ऐकणाऱ्या सगळ्या मिळून आमेन म्हणतात.

"विषय कुणी मांडला होता?" मी विचारलं. मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "तू घरी जा, बाळ."

घरी आई तुझ्या शर्टांना पुन्हा इस्त्री करत होती. तेच शर्ट, काका. कुणी घातलेलेही नव्हते. मी दारात उभी राहिले आणि मला काही विचारावंच लागलं नाही. तिने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली, खाली बसली आणि म्हणाली, "मी."

मग तिने सांगितलं. तू याच जागी बसून तिला म्हणाला होतास की वहिनी, सकाळी काच कापायचा हिरा धरला की हात कापतो, रेघ वाकडी जाते, दादाला सांगू नकोस, मी दुपारी कापत जाईन. तिने नाही सांगत म्हटलं होतं, आणि बाबांना तिने खरंच आजवर सांगितलेलं नाही. "पण मला एकटीला ते पेलेना गं," ती म्हणाली. "तो शाळेत होता तेव्हा मी या घरात आले. त्याचं दप्तर मी भरलं, त्याचे ताप मी काढले. काच कापणाऱ्या माणसाचा हातच गेला तर त्याच्याकडे राहिलं काय? मला भीती वाटली. म्हटलं, देवाला सांगते."

"देवालाच सांगायचं होतं तर इथे बसून सांगायचं होतंस, आई."

हे मी बोलले. पदवीधर झाल्यापासून मला अशी वाक्यं चटकन सुचतात. तिने स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही. "हो," एवढंच म्हणाली.

त्या सातव्या माणसाचा शोध घेत मी दारोदार फिरले. देव माझ्या बाजूने रागावलाय अशा थाटात फिरले. आणि तो सातवा माणूस रोज मला जेवायला वाढत होता.

मी जिन्यावर जाऊन बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडून बघितलं. लबाड जीभ शोधत होते, ती मला सापडलीच नाही. आई खोटं बोलली नाही, मावशी खोटं बोलली नाही. ऑर्गनवाल्या बाईंनी काळजी केली, सुतारकाकांनी सावध केलं. प्रत्येकाने केसाएवढीच भर घातली आणि तीही मायेने. पण एका टोकाला "माझ्या दिराच्या हातासाठी प्रार्थना करा" असं एक वाक्य होतं आणि दुसऱ्या टोकाला तुझी पिशवी जिन्यावरून खाली गेली. सुरुवातीला देवाने बोलून उजेड केला असं आपण वाचतो. मला वाटायचं, बोलून काही घडणं ही त्याची एकट्याची गोष्ट. तो म्हणाला "होवो" आणि झालं, आपण नुसतं बोलतो. पण काका, त्याने तीच चीज आपल्याही तोंडात ठेवलीय. दातांच्या आत, कुलूप नाही, किल्ली नाही, आणि आपण तिच्याने भाजीचे भाव विचारतो. त्या जिन्यावर मला आपल्या सगळ्यांची भीती वाटली. आणि भीती म्हणावी की आणखी काही, मला कळत नाही, पण देवाने माणसावर केवढा विश्वास टाकलाय या विचाराने मला बराच वेळ उठताच आलं नाही.

उठून खाली आले तर कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला, "काय ताई, तुमच्याकडे चौकशी बसलीय म्हणे? पोलीस येणार का?" म्हणजे मी दारोदार विचारत हिंडले त्याचंही लाकूडच झालं होतं. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं बघून घे म्हणून. मी बघितलं नव्हतं.

मला वाटलं, आता तुला लगेच लिहावं. कागद घेतला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला. रागाने नाही. म्हणाली, "त्याच्याबद्दल मी त्याच्या पाठीमागे बोलले. आता माझ्याबद्दल तू माझ्या पाठीमागे बोलू नकोस. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे एकट्याने जायचं असतं." मी म्हटलं, मी सोबत येते, तुझे गुडघे. "एकट्याने म्हणजे एकट्याने," ती म्हणाली.

ती तुझ्याकडे येऊन गेली हे मी तुला सांगायला नको. म्हणूनच हे पत्र मी आत्ता लिहिते आहे, आधी लिहिलं असतं तर तीही चहाडीच झाली असती. ती रात्री परत आली, चपला काढल्या, पाणी प्यायली. मी विचारलं, काय म्हणाला काका? ती म्हणाली, "ते त्याचं आणि माझं." तिचा चेहरा बघून मला काहीच ओळखता आलं नाही. तू माफ केलंस की दार लावून घेतलंस, मला माहीत नाही. मी विचारतही नाही.

पण पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते सांगायचा मला हक्क आहे, कारण ते सगळ्यांसमोर झालं. आजची प्रार्थना. विषय मांडायची वेळ आली तेव्हा आई गुडघ्यांवरून उठून उभी राहिली. तिथे कुणी उभं राहून बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले. ती म्हणाली, "मी इथे एक गोष्ट उघडी केली. ती माझी नव्हती, मला सांभाळायला दिली होती. मी म्हटलं, देवाला सांगते. पण देवाला तर ती आधीच माहीत होती. मग मी सांगत कुणाला होते?"

एवढंच बोलली आणि खाली बसली.

काका, मी वर्गात वादविवाद जिंकलेत, भाषणं ऐकलीत. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ऑर्गनवाल्या बाईंनी तोंडावर पदर घेतला. नर्समावशी पुटपुटली, "मीही." मग मागून कुणीतरी म्हणालं, "मीही." कशाबद्दल ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. नेहमी कुणी नुसता हुंदका दिला तरी आम्ही सगळ्या "काय झालं, काय झालं" करत तिच्यावर धावून जातो. आज ती खोली भरून वाहात होती आणि एक प्रश्न उठला नाही. मग सगळ्याजणी नुसत्या गुडघ्यांवर राहिल्या, एकही विषय न मांडता. मला वाटलं, आज पहिल्यांदा आम्ही प्रार्थना केली.

आता माझं संकट ऐक, कारण ते तुझ्याच हातात आहे.

बाबांना हाताचं अजून माहीत नाही. आजचं त्यांच्या कानावर आलंच. जेवताना त्यांनी आईला विचारलं, "काय उघडं केलंस तू?" आई म्हणाली, "ज्याचं आहे तो सांगेल. एकदा मी त्याचा शब्द मोडलाय, दुसऱ्यांदा तुमच्यासाठीसुद्धा मोडणार नाही." बाबा म्हणाले, "म्हणजे त्याचंच काहीतरी आहे. मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. पितो तर पितो, मला येऊन सांगायचं. मी काय त्याला खाल्लं असतं?" आणि ताट सरकवून उठले.

माझ्या जिभेवर होतं, काका. एक वाक्य. बाबा, तो पीत नाही, त्याचा हात कापतो, तो तुम्हाला घाबरला नव्हता, तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प होता. एवढं बोलले असते तर बाबा त्याच पावली तुझ्याकडे निघाले असते. आणि ते खरं होतं! महिनाभर मी खरं काय ते शोधत फिरले, ते तोंडात येऊन थांबलं, आणि ते माझं नव्हतं. मी पाणी प्यायले.

तर मी सांगणार नाही. आई सांगणार नाही. नर्समावशी म्हणाली, ती स्वतः येऊन तुझी माफी मागेल पण बाबांपुढे तोंड उघडणार नाही. तूच सांगशील तर होईल, नाहीतर आम्ही अशाच गप्प बसू आणि बाबा असेच ताट सरकवत राहतील. मी तुझ्यावर जोर करत नाही. हात तुझा आहे, गोष्ट तुझी आहे, दादाही तुझाच आहे.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी, आणि स्वतःचा आवरून धरणारी,
पुतणी


१९ जुलै

प्रिय काका,

सप्रेम सलाम. हे चारच ओळींचं.

आज संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. बाबांनी उचलला आणि "कोण?" म्हणाले. खुर्चीत बसले. मी टेबलापाशी काच पुसत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, फडकं तिथेच ठेवलं आणि बाहेर आले. आई आतून आली, तीही थांबली नाही. आम्ही दोघींनी दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभ्या राहिलो.

ऑर्गनवाल्या बाई समोरून पिशवी घेऊन चालल्या होत्या. "काय गं, बाहेर का उभ्या? सगळं बरं आहे ना?"

"ते फोनवर बोलताहेत," आई म्हणाली.

"कुणाशी?"

आई नुसती हसली. बाईंनी दाराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. त्यांच्या ओठांवर पुढचा प्रश्न आलेला मला दिसला, काका, अगदी पूर्ण दिसला. त्यांनी तो गिळला. पिशवी खाली ठेवली आणि आमच्या शेजारी उभ्या राहिल्या. सुतारकाका त्यांना शोधत आले, तर त्यांनाही बाईंनी बोट ओठांवर ठेवून गप्प केलं. दिवे लागले. माणसं येत जात होती. आम्ही चौघं एका बंद दाराकडे पाठ करून उभे होतो आणि आत काय चाललंय हे आमच्यापैकी कुणीही ऐकत नव्हतं. मला कुणी विचारलं की देवळाबाहेर तुला देव कुठे भेटला, तर मी ती पायरी दाखवीन.

बऱ्याच वेळाने बाबांनी दार उघडलं. त्यांचे डोळे लाल होते. आम्हा चौघांना बघून म्हणाले, "काय, मिरवणूक आहे का?" मग आईकडे वळून, "उद्या मी बाहेरगावी जाऊन येतो. माझा चांगला शर्ट कुठे आहे?"

ते कुठे जाणार हे त्यांनी सांगितलं नाही. फोनवर काय बोलणं झालं तेही नाही. मी विचारलं नाही आणि तूही मला लिहू नकोस.

काहीही माहीत नसलेली, आणि त्यामुळे आज फार सुखात असलेली,
तुझी पुतणी